तिबेटी कॅम्पातला विद्यार्थी एकदम गप्प झालाय, शाळेत काय करावं?

अर्जुनीची शिक्षिका:
नमस्कार, मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात हायस्कूलला शिकवते. गोठणगावजवळच्या तिबेटी कॅम्पातला एक मुलगा माझ्याकडे नववीत आहे. आईवडील हिवाळ्यात दुसऱ्या शहरात स्वेटर विकायला जातात, घरी फक्त आजी. आधी कबड्डीत पुढं असायचा, आता कोणाशी बोलत नाही, रोज डोकं दुखते म्हणतो, रात्री झोप नाही, पेपर कोरा ठेवून देतो. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, फरक नाही. पोरं त्याला "चिनी" म्हणून चिडवतात हेही कळलं आणि लय वाईट वाटलं, ज्यांच्यामुळं याच्या घरच्यांना देश सोडावा लागला त्यांचंच नाव याला लावून राहिले. काय करू?

कॅम्पवाला, सध्या नागपूर:
मॅडम, मी तिथलाच. कॅम्प 1972 चा, आमची तिसरी पिढी चालू आहे. स्वेटरच्या सीझनमध्ये घरोघरी म्हातारे अन् लेकरंच राहतात. पोरगं आजीसमोर रडत नाही, कारण आजीनं काय काय सोसलं ते ऐकतच मोठं झालं असते, मग आपलं दुःख कोणत्या तोंडानं सांगावं असं वाटते त्याले. त्यात या वयात कागदाचं टेन्शन सुरू होते. 1987 च्या जुलैआधी इथं जन्मले त्यांना कायद्यानं नागरिकत्व आहे, नंतरच्यांचं तसं सरळ नाही. मग आरसी काढा, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचा कागद, मुदत संपली की रिन्यू करा. फॉर्म भरायची वेळ आली की बाकीचे पोरं पोलीस भरती बोलतात अन् आपण गप्प बसतो. ते चिडवणं मात्र आधी बंद करा, पण त्याले वर्गात उभं करून नको.

समुपदेशक ताई, गोंदिया जिल्हा:
मॅडम, या वयात मन दुखलं की पुष्कळदा डोकं नाहीतर पोटच दुखते, ते नाटक नसते. "काय झालं सगळं सांग" असं मागं लागू नका, सोबत बसा, तो बोलेल तेवढंच ऐका. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का हे मात्र एकट्यात सरळ विचारा, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी घेऊन जा, गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. एरवी सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असते तिथं दाखवा. टेलिमानस 14416, ही मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीही लागते, मराठी-हिंदीत बोलता येते. आजीलाही तो नंबर द्या.

मुलचेऱ्याची काकू:
आम्ही बंगाली कॅम्पातले, सासरे पूर्व पाकिस्तानातून आलेले. माझा पोरगा आठवीत असाच झाला होता, त्याला "बांगलादेशी" म्हणायचे. त्याच्या सरांनी भाषण नाही दिलं, चिडवणाऱ्यांना एकेकाला बाजूला घेऊन बोलले अन् रोज मैदानात याला सोबत न्यायचे, खेळ नाहीतर नुसता बस म्हणायचे. लय दिवस नुसताच बसला. मग खेळला. मायबापाला लगेच बोलावू नका बाई, वर्षाची कमाई त्याच महिन्यांत असते.

समुपदेशक ताई:
काकू, कळवावं तर लागेलच, लपवू नये. पण धंदा सोडून या असं लगेच म्हणायची गरज नाही, रोज रात्री ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा म्हणा, तो मध्ये चुकवू नका. जिवाचा प्रश्न असेल तर मात्र यायलाच पाहिजे.

अर्जुनीची शिक्षिका:
उद्याच आजीकडे जाते. आजीला हिंदी मोडकीच येते, कॅम्पवाले दादा, तुम्ही फोनवर आमच्या मधात बोलाल का?

कॅम्पवाला, सध्या नागपूर:
हो मॅडम, सातनंतर कधीही. मेसेज करतो.