बोलेरोचे पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलायचे आहेत, सल्ला हवा

पऱ्हाटीवाला (राळेगाव):
नमस्कार मंडळी. ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून चिर्र आवाज येतो. चाक खोलून पाहिलं तर आतल्या पॅडचा थर जेमतेम २ मिमी उरलाय, बाहेरचा मात्र बरा आहे. गाडी यवतमाळला टाकली की दिवस जातो, अन् सध्या कापूस वेचणीच्या बाया ने-आण करायला हीच गाडी आहे. ट्रॅक्टरची बारीकसारीक कामं मीच करतो. एकाच चाकाचे पॅड बदलले तर चालतील का?

आर्वीकर:
नाही भाऊ, दोन्ही चाकांचे बदला, नाही तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. अन् आतलाच पॅड खपला म्हणजे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतं त्या जाम असतील, नाही तर त्यातला पॅड ढकलणारा पिस्टन मागे येत नसेल. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा, साध्या ग्रीसनं रबर फुगतं.

त्याआधी जागा पाहा. आपली काळी माती वरून वाळलेली दिसते, आत ओल असते. माझा जॅक अंगणात असाच खचला. चाक काढलेलं होतं, गाडी डिस्कवर बसली. हात तेवढ्यात बाहेर घेतला होता म्हणून राहिला. सिमेंटच्या ओट्यावरच करा. मागच्या चाकांना दगड, चेसिसखाली स्टँड, अन् काढलेलं चाकही गाडीखाली सरकवून ठेवा. विटा लावू नका, फुटतात.

कॅलिपर पाइपावर लोंबकळू देऊ नका, तारेनं बांधा. पिस्टन शिकंज्यानं हळू दाबा. वर ब्रेक ऑईलच्या टाकीत ऑईल चढतं, सांडलं तर रंग खातं.

मेळघाटचा:
गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पहिला ब्रेक रिकामा जातो, हे विसरू नकाच. नवे पॅड बसेपर्यंत सावकाश चालवा, लगेच चिखलदऱ्याचा घाट उतरू नका. मागचे ड्रमचे लायनर मात्र मेकॅनिककडूनच करून घ्या.

पऱ्हाटीवाला:
आज केलं. डावीकडची खालची पिन खरंच गंजून जाम होती, ती सोडवण्यातच दीड तास गेला. आवाज बंद, ब्रेक सरळ लागतो. आर्वीकर भाऊ, स्टँड शेजाऱ्याकडून आणले. विकतचे उद्या घेतो.