बर्फ पडून गेल्यावर आभाळ मोकळं असेल तर सोलांगच्या वर जायला हरकत नाही नं?

संत्रानगरी_ट्रेकर: फेब्रुवारीत नागपूरहून आम्ही चौघं मनालीला जाणार आहो. प्लॅन असा की सोलांगहून धुंधीच्या बाजूला स्नोशूज घालून जायचं, नाल्याकाठी एक रात्र टेंट, गाईड नाही. ॲपवर दोन दिवस स्नोफॉल अन् मग एकदम सनी दाखवते, म्हणून सनीवाल्या दिवशीच निघायचं ठरवलं. रामटेकच्या टेकड्या सोडल्या तर आमचा अनुभव सह्याद्रीतलाच आहे. ॲव्हलान्चचं कितपत टेन्शन घ्यायचं?

हिमवेडा: भाऊ, नेमका तोच दिवस सगळ्यात बेकार असतो. नवा बर्फ खालच्या थराला अजून धरलेला नसतो, वाऱ्यानं उडालेला माल कड्याच्या आडोशाला जाऊन साचलेला असतो, त्यात ऊन लागलं की वरचे उतार सुटायला लागतात, अन् आपण खाली फोटो काढत उभे. डीआरडीओची डीजीआरई म्हणून संस्था आहे, ती हिवाळ्यात जिल्हावार हिमस्खलनाचा इशारा देते, तो पहा. वेदर ॲप फक्त पाऊस-बर्फ सांगते, थर धरला की नाही ते नाही सांगत.

सीताबर्डीकर: अन् नाल्याकाठी टेंट काऊन बाप्पा? वरून जे येते ते नाल्यातच भरते. फेब्रुवारी 2025 मध्ये बद्रीनाथजवळ माणाला बीआरओच्या (सीमेवरचे रस्ते बांधणारी सरकारी संघटना) कॅम्पवर हिमस्खलन आलं, 8 कामगार गेले, ते लोक काही डोंगर चढत नव्हते, कंटेनरमध्ये होते. म्हणून नुसतं पायाखाली नाही, डोक्यावर काय आहे ते पहायचं. बहुतेक स्लॅब, म्हणजे बर्फाचे एकसंध सुटणारे थर, 30 ते 45 डिग्रीच्या उतारावर सुटतात. ट्रेकिंग पोल बर्फावर आडवा ठेवून त्यावर फोन ठेवला की लेव्हल ॲपमध्ये उतार समजते, पण हे सोप्या उतारावर शिकून घे, तिथं वर जाऊन नाही.

संत्रानगरी_ट्रेकर: बरं, मग बीकन (गाडलेल्या माणसाला शोधायचं सिग्नलचं यंत्र) भाड्यानं घेतला तर?

हिमवेडा: एकानं घेऊन काय करणार, चौघांकडे पाहिजे, प्रत्येकाकडे प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) अन् फावडंपण. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होते, हातानं उकरला जात नाही, अन् गाडलेल्या माणसाकडे पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात. खालून रेस्क्यू येईपर्यंत खेळ खल्लास. बीकन जॅकेटच्या आत अंगाला बांधायचा, सॅकमध्ये नाही, अन् मोबाईल त्याच्यापासून लांब, शोधताना तर निदान अर्धा मीटर, नाहीतर सिग्नल गडबडते. निघण्याआधी अंबाझरीच्या बागेत एक बीकन लपवून शोधायची प्रॅक्टिस करा, लोक हसले तर हसू द्या.

सीताबर्डीकर: चालताना पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला किंवा बर्फाला लांब भेग गेली की तिथूनच माघारी फिरायचं, चर्चा नंतर. संशयाची जागा ओलांडायचीच असेल तर एकेकानं जा, बाकीच्यांनी सेफ जागी थांबून नजर ठेवा. अन् पहिल्याच वेळी बिनागाईड नको यार, मनालीतला लोकल पोरगा घ्या, कोणता नाला दरवर्षी उतरते ते त्याला माहीत असते.

संत्रानगरी_ट्रेकर: टेंट कॅन्सल. सोलांगलाच राहतो, इशारा पाहून गाईडसोबत सकाळी लवकर निघून दुपारच्या आत परत. चौथा भिडू ऐकून नाही राहिला, त्याला ही लिंक पाठवली.