गेटवरच्या कांद्याचा रेट कमिटीने ठरवायचा का?

बी-४०२: उद्या परत तो कांद्याचा टेम्पो येतोय. मागच्या वेळी बाहेरपेक्षा जास्त लावला होता त्याने. कमिटीने आधीच रेट फिक्स करून द्यावा नाहीतर एंट्री बंद 🙏

ए-१०३: कमिटीने पाणी आणि लिफ्ट बघावी हो. महाग वाटला तर घेऊ नका, सक्ती थोडीच आहे.

सी-५०१: काका, सरकारपण कंट्रोल करतंच की

ए-१०३: तेच तर दुखणं आहे!! ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात ड्युटी, डिसेंबरला थेट बंदी, मे २०२४ ला ती उठवली तरी ड्युटी ठेवलीच, आणि पूर्ण गेली कधी तर एप्रिल २०२५. का तर शहरात आपल्याला स्वस्त मिळावा. म्हणजे आपल्या भाजीची सबसिडी नाशिकच्या शेतकऱ्याने द्यायची, आणि त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही

बी-४०२: मग शंभरी गाठली की गरिबाने काय खायचं

ए-१०३: गरिबाला थेट पैसे द्या ना, सगळ्यांच्या टॅक्समधून. एकट्या कांदेवाल्याच्या खिशातून कशाला

डी-२०४: काका भाव पडला की अनुदान मागतातच ना पण? २०२३ लाच राज्याने क्विंटलला ३५० दिले. तेव्हा मार्केट कुठे जातं?

ए-१०३: रास्त प्रश्न. पण शेतकरी संघटनेचे शरद जोशी तर 'भीक नको, हवे घामाचे दाम' असंच म्हणत होते. वर जाताना अडवायचं आणि पडल्यावर ३५० हातावर ठेवायचे, यापेक्षा दोन्हीकडे हात काढून घ्या.

सी-५०१: आणि बाजार समितीत व्यापारी रिंग करतात, म्हणजे आपसात ठरवून भाव पाडतात, त्याचं काय? तिथे सरकार नकोच का

ए-१०३: अगं २०१६ ला फळं-भाज्या, कांदा-बटाटासकट, बाजार समितीतच विकायच्या सक्तीतून सोडवल्या म्हणून तर हा टेम्पो आपल्या गेटपर्यंत येतोय. आता आपणच इथे नवीन समिती काढायची?

डी-२०४: बी-४०२ तुमचा फ्लॅट विकायला काढलाय ना, त्याचा रेट पण कमिटीने ठरवायचा का 😂

बी-४०२: ते वेगळं आहे

सेक्रेटरी: रेट ठरवणार नाही. व्हिजिटर पार्किंगमध्ये उभा राहू दे, दुसरा कोणी आला तर त्यालाही सोडू. काटा मात्र सोसायटीचा, मागच्या वेळी वजनाच्या तक्रारी होत्या.

ए-१०३: काट्याला माझी हरकत नाही, तेवढं काम सरकारचं असतंच.

सी-५०१: आणि सालपटं सगळीकडे उडतात ती कोण झाडणार? मेंटेनन्समधून नको हं, आम्ही कांदा खात नाही