चाच्याचं भूत आणि बिचारा कोच

ब्लॅकबिअर्ड्स घोस्ट हा सिनेमा म्हणजे निव्वळ पोरखेळ, असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटलं बुवा. १९६८ चा डिस्नीचा सिनेमा आहे, त्यामुळे ट्रिक सीन आता जुने वाटणारच, पण पीटर उस्तिनोव्हसाठी तरी बघाच. दोन ऑस्कर घेतलेला माणूस, आणि इथे काय मनापासून वेडेपणा केलाय! तो झालाय ब्लॅकबिअर्ड या चाच्याचं भूत, बायकोच्या शापामुळे अडकलेलं, कायम रमच्या शोधात असलेलं, आणि ते दिसतं फक्त कॉलेजच्या धावण्याच्या टीमच्या एकट्या कोचला, म्हणजे डीन जोन्सला. बाकीच्यांना वाटतं हा हवेशी भांडतोय. खरी धमाल तिथेच आहे, डीन जोन्सचा तो वैतागलेला चेहरा नसता तर अर्धे विनोद पडलेच असते.

धावण्याच्या स्पर्धेचा भाग तर मी कितीदा पाहिलाय, टीम एकदम मरतुकडी आणि भूत मैदानात घुसून सगळ्यांची वाट लावतंय, वर हा ब्लॅकबिअर्ड हॉटेल चालवणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचे कर्ज फेडायचे पैसे याच टीमवर लावून मोकळा! (चीटिंग आहे हो, कोचही आधी चिडतोच.)

मधे जुगारवाल्या गुंडांचं प्रकरण जरा लांबलंय, ते चालवून घ्यायचं.

बाकी खरा ब्लॅकबिअर्ड इतका गोड वगैरे नव्हता हां. १७१८ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या ओक्राकोक बेटाजवळ मारला गेला आणि त्याचं मुंडकं जहाजाच्या पुढच्या दांड्याला टांगलं होतं. हे पोरांना सिनेमा संपल्यावर सांगा, आधी नको.