मदत हवी आहे: मोंढ्यातल्या पट्टीच्या एक्सेल शीटमध्ये कडता भलताच निघतोय, आणि वजनाची बेरीजही जुळत नाही

नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या एका मोंढ्यात (धान्यबाजारात) आडत दुकानात दीड महिन्यापासून हिशोब बघते. बी.कॉम. झालंय, एक्सेल कॉलेजात जेवढं शिकवलं तेवढंच. आधीचे मुनीमकाका मुलाकडे राहायला गेले आणि त्यांची शीट माझ्या गळ्यात पडली. ते फोन उचलतात, पण फोनवर सूत्र समजावणं त्यांनाही जमेना, मलाही सुधरेना.

कॉलम असे: सी कट्टे, डी वजन (क्विंटल), ई मॉइश्चर (मालातला ओलावा, टक्के), एफ भाव, जी कडता (ओलावा जास्त म्हणून कापायचं वजन), एच रक्कम. वर के१ मध्ये १२ लिहिलंय, ती मॉइश्चरची मर्यादा. सूत्रं इथे देवनागरीत लिहितेय, शीटमध्ये अर्थातच इंग्रजीत आहेत. जी मधलं सूत्र:

=इफ(ई२९>के१,डी२९*(ई२९-के१)/१००,०)

काकांच्या ओळी २८ पर्यंतच होत्या. आवक वाढली म्हणून २९ पासून पुढच्या मी वाढवल्या, ४१ पर्यंत. शनिवारी शेतकऱ्यांना पट्ट्या (मालाच्या हिशोबाच्या पावत्या) दिल्या आणि आज सकाळी एक मामा पट्टी घेऊन परत आले. १८.४५ क्विंटल सोयाबीन, मॉइश्चर १४, भाव ४,२००. कडता धरलाय २५८ किलो! मामा म्हणाले, "पोरी, माल वाळवून आणला होता, नदीतून काढून नाही." कॅल्क्युलेटरवर केलं तर ३७ किलोच्या आत येतंय. म्हणजे जवळपास ९,३०० रुपयांचा फरक. गंमत म्हणजे २९ वी ओळ बरोबर आहे, मामांची ३३ वी चुकली.

दुसरं, ४२ व्या ओळीत रकमेची बेरीज जुळते, पण वजनाची २१२.४० दाखवते. हाताने केली तर २३१.५०. प्रत्येक ओळीतलं वजन गुणिले भाव मात्र बरोबर येतं. मग बेरीजच का चुकते?

शेठ संध्याकाळी विचारणार आहेत. सूत्र तपासायचं कसं, हेही सांगा. नुसतं उत्तर दिलंत तर पुढच्या आठवड्यात परत इथंच येईन.

नांदेडहून प्रतिसाद

राउंडिंगचा घोळ असेल. दोन दशांश दाखवतं पण आत जास्त आकडे असतात. प्रत्येक ठिकाणी राउंड लावा.

त्यावर परभणीहून

राउंडिंगने पैशांचा फरक पडतो दादा, १९ क्विंटलचा नाही.

ताई, ३३ व्या ओळीतल्या जी सेलवर उभ्या राहा आणि एफ२ दाबा. सूत्रातले सेल रंगीत चौकटीत दिसतील. के१ भोवती चौकट आहे का बघा. माझा अंदाज, ती के५ भोवती असेल आणि के५ रिकामा असेल. सूत्र खाली ओढलं की सेलचे पत्ते पण खाली सरकतात. ई२९ चं ई३३ व्हायलाच पाहिजे, पण के१ चं के५ झालं तर वाट लागली. रिकामा सेल म्हणजे एक्सेलच्या लेखी शून्य. म्हणजे मर्यादा १२ ऐवजी ०, आणि १२ च्या वरचे २ टक्के कापायचे सोडून अख्खे १४ टक्के कापले. १८.४५ चे १४ टक्के २.५८३, बघा २५८ किलो. २९ वी बरोबर आली कारण तिथे के१ च लिहिलंय.

यासाठी $के$१ असं लिहितात. डॉलर म्हणजे खुंटी, सेल जागचा हलत नाही. काकांच्या जुन्या ओळींत नव्हतं का?

मूळ प्रश्नकर्ती

होतं. 🙈 मला वाटलं चुकून पडलं असेल. आपण रुपयात हिशोब करतो, डॉलर कशाला म्हणून काढून टाकलं. के५ च आहे, चौकट दिसली. काकांची माफी मागते.

परभणीहून

हसलो नाही, शपथ. आता ३० ते ४१ सगळ्या पट्ट्या चुकल्यात, मामा एकटेच परत आले इतकंच. २९ मध्ये के१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबा, डॉलर लागतील, मग खाली ओढा. आणि १२ हा आकडा सूत्रात लिहायचा मोह करू नका, सेलमध्येच राहू द्या. २०२४ च्या खरिपात सरकारनं हमीभाव खरेदीला मॉइश्चरची मर्यादा १२ वरून १५ केली होती. अशा वेळी एक सेल बदलला की काम झालं, नाहीतर चाळीस सूत्रं खरवडत बसा.

धाराशिवहून

बेरजेचं मी सांगतो. दोन वजनं आकडा नसून टेक्स्ट आहेत. डी मध्ये कुठले आकडे डावीकडे चिकटलेत, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण आहे का? सम, म्हणजे बेरजेचं सूत्र, टेक्स्टला मोजतच नाही, गुणाकार मात्र त्याला आकडा समजून चालवून घेतो. म्हणून ओळ बरोबर, बेरीज कमी. एका रिकाम्या सेलमध्ये =काउंट(डी२:डी४१) आणि दुसऱ्यात =काउंटए(डी२:डी४१) लिहा. पहिलं फक्त आकडे मोजतं, दुसरं भरलेले सगळे सेल, म्हणून दोन्ही सारखे यायला हवेत.

मूळ प्रश्नकर्ती

३८ आणि ४०. डावीकडचे ११.४० आणि ७.७०, बेरीज १९.१०! एक्सेल शेवटचं शून्य खात होतं म्हणून मी आधी अवतरणाचं चिन्ह टाकलं होतं. पट्टीवर ११.४ छापलं की शेतकरी विचारतात.

धाराशिवहून

शून्य दाखवायचं तर सेल फॉरमॅटमध्ये दशांश २ ठेवा, अवतरण काढा. आणि मॉइश्चरला तर असं चुकूनही करू नका. तुलनेत एक्सेल टेक्स्टला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं मानतं. १० लिहिलं तरी ते १२ पेक्षा मोठं ठरेल, कडता उणे येईल आणि मापापेक्षा जास्त वजनाचे पैसे शेठ देतील. शेतकरी परत येणार नाही, पण तुमची नोकरी जाईल.

नांदेडहून

समच्या ऐवजी डी२+डी३+डी४ असं केलं तर?

धाराशिवहून

बेरीज येईल, पण रोग झाकला जाईल. उगं नको.

परभणीहून

तपासायचं विचारलंत ते राहिलं. सूत्र आधी तोंडानं मराठीत वाचा: "मॉइश्चर मर्यादेपेक्षा जास्त असेल तर जास्तीच्या टक्क्यांएवढं वजन कापा, नाहीतर शून्य." वाचता येत नसेल तर वापरू नका. मग उत्तर माहीत असलेला आकडा घाला. वजन १००, मॉइश्चर १३ तर १ क्विंटल यायला पाहिजे, १२ ला शून्य, १० ला पण शून्य. आणि कंट्रोल धरून एकच्या डावीकडची कळ दाबली की आकड्यांच्या जागी सगळी सूत्रं दिसतात. खालपर्यंत नजर टाका, एखाद्या ओळीत सूत्राऐवजी नुसता आकडा असेल तर लगेच डोळ्यात भरतो. मुनीम लोक घाईत असं करतात. फॉर्म्युलाज टॅबमध्ये इव्हॅल्युएट फॉर्म्युला आहे, तो एकेक पायरी सोडवून दाखवतो. इफमध्ये इफ घातलेलं असेल तर तो फार कामाचा.

मूळ प्रश्नकर्ती

तुम्ही सांगितली तशी सूत्रं उघडून बघितली. १७ व्या ओळीत काकांनी खरंच नुसता ०.४२ लिहिलाय. मॉइश्चर १३, वजन ३१.२०, म्हणजे ०.३१२ यायला पाहिजे. त्यांना फोन लावला तर म्हणाले, "त्या मालात माती होती, हातानं धरला." मग शेजारी एम कॉलममध्ये "माती" लिहून ठेवलं.

बारा पट्ट्या नव्यानं काढल्या, मामांना फोन झाला, उरलेल्या अकरा जणांना उद्या. शेठना चूक सांगितली. डॉलरचं मात्र सांगितलं नाही.