टेप गंजते म्हणणाऱ्यांसाठी

फितीवाला: काल इथे कुणीतरी लिहिलं, "टेप म्हणजे गंजणारं लोखंड, बॅकअप क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा." राहवलं नाही. गंजायची भीती जुन्या फितींवरच्या धातूकणांना होती. हल्लीच्या एलटीओत, म्हणजे कंपन्या बॅकअपला वापरतात त्या डेटा-टेपमध्ये, बेरियम फेराइटचे चुंबकीय कण असतात. ते मुळातच ऑक्साइड, म्हणजे आधीच ऑक्सिजनशी जोडलेलं, आणखी काय गंजणार? कण जितका बारीक, तितकं जास्त मावतं. पण फारच बारीक केला तर खोलीतल्या उष्णतेनेच त्याची चुंबकीय दिशा उलटते. म्हणून पुढचा डाव स्ट्रॉन्शियम फेराइटवर. कण लहान करूनही ते दिशा सोडत नाही. 2020 मध्ये फुजीफिल्म आणि आयबीएमने त्यावर चौरस इंचाला 317 गिगाबिट लिहून दाखवले. एका कार्ट्रिजमध्ये 580 टेराबाइट मावतील इतकं.

दमट_दादर: ते प्रयोगशाळेत. एलटीओच्या नवव्या पिढीत, एलटीओ-9 मध्ये, 18 टेराबाइटच मावतात. आणि गंज राहू द्या, बुरशीचं बोला. वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेट कपाटात होत्या. दोन पावसाळ्यांत फितीवर पांढरी बुरशी. कापसाने पुसली, तर बोळ्यावर तपकिरी थर उतरला. त्या जागी आता नुसती खरखर आहे.

फितीवाला: वाईट झालं. पण घरातलं कपाट आणि एसी लावलेली टेप लायब्ररी एक कशी?

जुनी_कॅसेट: बुरशी आलेली फीत आधी सुकवायची असते! पुसायला कुणी सांगितलं?

दमट_दादर: कुणी नाही. वडील जाऊन महिना झाला होता, आवाज ऐकायचा होता. शिकवू नका.

जुनी_कॅसेट: चुकलं, तसं बोलायला नको होतं. पण उरलेल्यांना हात लावू नका.

सर्व्हररूम: कण टिकेल हो, ड्राइव्हचं काय? एलटीओ-8 चा ड्राइव्ह एलटीओ-6 वाचत नाही. आधीच्या नोकरीत 40 टेप ठणठणीत होत्या, पण वाचणारं यंत्र भंगारात गेलेलं. यावर बोला.

फितीवाला: हे मान्य करावंच लागेल. एलटीओच्या दोन पिढ्यांत डेटा नव्या टेपवर हलवला नाही तर कण कितीही चांगला असून उपयोग नाही. तरी क्लाउडवाल्यांनी 2011 आठवावं. सॉफ्टवेअरच्या चुकीने काही जीमेल खाती रिकामी झाली, अनेक डेटा सेंटरांतल्या प्रतींसकट. गूगलने ती परत आणली ती टेपवरूनच, कारण टेप सिस्टिमला जोडलेलीच नव्हती.

दमट_दादर: बरं, तेवढं पटलं. तीन कॅसेट उरल्यात. सुकवायच्या कशा?

जुनी_कॅसेट: सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा. उन्हात अजिबात नको. नंतर जाणकाराकडूनच साफ करून घ्या.