अपघातांची ठिकाणवार यादी दर महिन्याला चौकात लावावी का?

शाहूपुरीकर

महिना संपला की अपघातांचा एक आकडा कानावर येतो. मागच्या महिन्यापेक्षा कमी असला तर उपाययोजनांना यश, जास्त असला तर चालक बेशिस्त. या आकड्यानं कुठला फाटा सुधारला, कुठला दिवा लागला, हे मला आजवर दिसलेलं नाही.

म्हणून माझी मागणी अशी. कोल्हापूर शहर आणि आजूबाजूची गावं, म्हणजे कागल, शिरोली, पेठवडगाव, हातकणंगले, जयसिंगपूर, इथल्या प्रत्येक पोलिस ठाण्यानं दर महिन्याला आपल्या हद्दीतल्या अपघातांची यादी दर्शनी फलकावर लावावी. नावं नकोत. ठिकाण, वेळ, वाहनं कोणती, कुणाला लागलं, कोण गेलं, एवढंच हवं. आणि ठिकाण म्हणजे "पुणे-बेंगळुरू महामार्गावर" असं मोघम नको. कुठला फाटा, दुभाजकाचं कुठलं तोंड, पुलाच्या अलीकडं की पलीकडं, ते लिहा.

ही माहिती गोळा होत नाही असं कुणी म्हणू नये. ई-डार नावाच्या प्रणालीत पोलिस अपघाताची नोंद मोबाइलवरून करतात. त्यात जागा नकाशावर येते, फोटो येतात, रस्त्याचा तपशील येतो. आयआयटी मद्रासनं ती तयार केली आणि सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. म्हणजे माहिती आहे, फक्त रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला ती कळत नाही.

"ब्लॅक स्पॉट" ठरवायची व्याख्या बघा. राष्ट्रीय महामार्गाचा साधारण 500 मीटरचा तुकडा, आणि त्यावर तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाही तर 10 मृत्यू. जागा कागदावर धोकादायक ठरायच्या आधी एवढी माणसं जावी लागतात. गावातल्या लोकांना ती जागा पहिल्याच वर्षी ठाऊक झालेली असते.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि या मागणीला माझा विरोध आहे. हेतूबद्दल शंका नाही, पण महिन्याचा हिशेब फसवा असतो.

समजा एखाद्या तालुक्यात महिन्याला सरासरी 4 मृत्यू होतात, आणि रस्ता, वाहनं, माणसं यांत काहीही बदल झालेला नाही. तरीसुद्धा वर्षातले दोन-तीन महिने असे निघणारच की एकही नाही किंवा एकच मृत्यू झाला, नाही तर सात किंवा त्याहून जास्त झाले. हा निव्वळ योगायोग असतो. पण एक मृत्यूचा महिना आला की श्रेयाचे फलक लागतील आणि सातचा आला की कुणाची तरी बदली मागितली जाईल. दोन्ही चूक.

याहून मोठा घोटाळा पुढं आहे. कारवाई नेहमी वाईट महिन्यानंतर होते. वाईट महिन्यानंतरचा महिना बहुतेक वेळा आपोआपच बरा येतो. मग चार दिवसांच्या नाकाबंदीला यशाचं प्रमाणपत्र मिळतं आणि खरं काम, म्हणजे वळण सुधारणं, वेग कमी करणं, बाजूलाच राहतं.

तुलना करायचीच असेल तर मागच्या बारा महिन्यांची बेरीज धरा, किंवा या वर्षीचा जानेवारी आधीच्या तीन जानेवारींशी लावून बघा. जानेवारी आणि जुलै एकमेकांशी ताडूच नका. एकात उसाचा हंगाम, दुसऱ्यात आमच्याकडचा पाऊस.

ऊसकरी_शिरोळ

हंगामाचा विषय निघाला म्हणून बोलतो. यादी लागली की नोव्हेंबर ते मार्च सगळीकडं "ट्रॅक्टर-ट्रॉली" हेच दिसणार आणि खापर आमच्या डोक्यावर फुटणार. मोटारसायकलवाला मागनं येऊन धडकला तरी गुन्हा ट्रॅक्टरवाल्याचा.

पाठीमागचा दिवा नसतो, हे खरं हाय. पण का नसतो ते बघा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. फडात ट्रॉल्या सुट्या करून भरायच्या, परत जोडायच्या. दिव्याची वायर पुढच्या ट्रॉलीवरनं मागच्या ट्रॉलीला जाते. दर खेपेला ती काढायची-घालायची, दोन आठवड्यांत पिन मोडते, मग ड्रायव्हर वायर गुंडाळून हुकाला अडकवतो आणि तसाच जातो. रिफ्लेक्टर लावले तर ट्रॉलीच्या फळीवर लावतात आणि वरनं उसाची वाढं खाली लोंबून तो झाकतात. न झाकला तर फडातल्या चिखलानं माखतो. मोहीम निघते, साहेब पट्टी चिकटवतात, फोटो होतो. आठ दिवसांनी त्या पट्टीवर बोटभर माती.

ड्रायव्हरला खेपेवर पैसे. साखर कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत अख्खी रात्र जाते, झोप त्या स्टिअरिंगवरच. यादीत ह्यातलं काय येणार? फक्त "ट्रॅक्टरला धडक" एवढंच येणार.

शाहूपुरीकर

ऊसकरी दादा, तुम्ही जे लिहिलंत तेच यादीतून बाहेर यावं असं मला वाटतं. एकाच रस्त्यावर, एकाच वेळेला, उभ्या किंवा हळू चालणाऱ्या ट्रॉलीला मागून धडक, अशा चार ओळी एकाखाली एक आल्या तर प्रश्न ड्रायव्हरला विचारायचा नसतो. तो यार्डाच्या फाटकावर विचारायचा असतो: मागचा दिवा चालू असल्याशिवाय रिकामी ट्रॉली बाहेर कशी सोडली? वजनकाटा तिथं आहे, माणूस तिथं आहे, दिव्याची पिन बदलायला कितीसे पैसे लागतात? सुट्या ट्रॅक्टरवाल्याला रस्त्यात अडवून दंड करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

आकडेमोड सर, तुमचा मुद्दा एकूण आकड्यापुरता मान्य. तुलना बारा महिन्यांचीच असावी. पण मी मागतोय तो आकडा नाही, मी नोंदी मागतोय. कारण प्रत्येक नोंद बघता येते. एका जागी महिन्यात एकच अपघात झाला असेल, तरी तो का झाला हे त्या जागी उभं राहिलं की कळतं. त्यासाठी तीन वर्षांची सरासरी लागत नाही.

अपघातविभागातली_सिस्टर

मी रात्रपाळीत अपघात विभागात काम करते. तुम्ही सगळे फाटा, ट्रॉली, सरासरी यावर बोलताय. आमच्याकडं येणाऱ्या स्ट्रेचरवर मला जे दिसतं ते सांगते.

माणूस शुद्धीत नाही, अंगावर दुसरी जखम जवळपास नाही, कानातून रक्त. नातेवाईक सांगतात, "वेगात नव्हता हो, गल्लीतनंच चालला होता." गाडी घसरली, डोकं दुभाजकाच्या दगडावर आपटलं. त्याला 20 चा वेगही पुरतो, कारण डोकं आपटतं ते गाडीच्या वेगानं नाही, उंचीवरून पडल्याच्या जोरानं. हातपाय आम्ही जोडतो, मेंदू जोडता येत नाही.

2022 साली देशात रस्ते अपघातात 1,68,491 लोक गेले. त्यातले 50,029 हेल्मेट न घातलेले होते. मागं बसणारी बाई आणि पुढं टाकीवर बसवलेलं लेकरू यांचा तर कुणी विचारच करत नाही. हेल्मेट सक्तीनं घालायला लावा. बाकी यादी, फलक नंतर बघू.

पेठेतला

ताई, तुमच्या कामाला हात जोडतो, पण शहरात हेल्मेटसक्तीला माझा विरोध आहे आणि राहील. महाद्वार रोडला, गुजरीत, पापाच्या तिकटीला गाडी पळतच न्हाई, रेटत न्यावी लागते. तिथं पाच मिनिटांच्या कामाला हेल्मेट, मग ते ठेवायचं कुठं, देवळात जाताना द्यायचं कुणाकडं? सक्ती झाली की पोलिस चौकात पावत्या फाडत उभे राहतात, कारण ते सोपं आहे. तावडे हॉटेलजवळ हायवेची वाहनं शहरात शिरतात, तिथं चालत रस्ता ओलांडून दाखवा मला. पावती फाडली म्हणून ती जागा सुरक्षित होत नाही.

आणि यादीबिदीचं म्हणाल तर शिवाजी पूल आठवा. 26 जानेवारी 2018 च्या रात्री मिनीबस कठडा तोडून पंचगंगेत गेली, 13 माणसं गेली. तो पूल ब्रिटिश काळातला आहे, अरुंद आहे, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पर्यायी पूल शेजारीच अर्धवट उभा होता, पुरातत्त्व कायद्यात अडकलेला. तिथं काय यादी नव्हती म्हणून अडलं होतं? करायचं नव्हतं म्हणून अडलं. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल ह्या गावानं रस्त्यावर उतरून 2015 साली घालवला. फलक लावून न्हाई घालवला.

अपघातविभागातली_सिस्टर

दादा, गाडी रेटत नेण्याइतकी गर्दी संध्याकाळी असते. रात्री साडेअकराला तोच रस्ता मोकळा असतो आणि गाडी त्याच माणसाची असते. हेल्मेट घरून निघताना डोक्यावर चढतं तरी, नाही तर घरीच खुंटीला राहतं. गुजरीपुरतं काढून रंकाळ्यापासून पुढं घालणारा मी अजून पाहिलेला नाही. कायद्यातही, मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये, "शहर सोडून" असं लिहिलेलं नाही.

शाहूपुरीकर

पेठेतले भाऊ, शिवाजी पुलाचं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत, मला ते माझ्याच बाजूचं वाटतं. 13 माणसं एका रात्रीत गेली तेव्हा सगळं राज्य हललं. तेवढीच माणसं फुलेवाडीपासून कळ्यापर्यंत एकेक करून गेली, आज एक, पुढच्या महिन्यात एक, तर कोण हलतं? आतल्या पानावर चार ओळी आणि गावात एक दशक्रियाविधी. एकेकट्या गेलेल्यांची बेरीज कुणी मांडत नाही, म्हणून यादी हवी. टोलच्या वेळी नाक्यावरची पावती प्रत्येकाच्या हातात होती, म्हणून गाव उतरलं. अपघाताची तशी पावती कुणाच्या हातात नाही.

निवृत्त_हवालदार

खात्यात होतो, आता शेती बघतो. दोन्ही बाजूंना माहीत नसलेल्या काही गोष्टी सांगतो.

अपघात राधानगरी रस्त्याला होतो, जखमीला कोल्हापुरात आणतात, तो नवव्या दिवशी जातो. रुग्णालयाची वर्दी इथल्या ठाण्याला मिळते, कागद तिकडच्या ठाण्याला वर्ग होतात, मग तिथं कलम वाढतं. निष्काळजीपणानं मृत्यूसाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचं 304-अ लागायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 106. शिवाय अपघातानंतर 30 दिवसांत गेला तर तो अपघाती मृत्यू म्हणून मोजतात. म्हणजे एक तारखेला लावलेला मागच्या महिन्याचा आकडा कच्चाच असतो. यादी लावायची तर दोन महिने मागची लावा, नाही तर दर वेळी खोडाखोड.

दुसरं म्हणजे मिटवामिटवी. दोन गाड्या घासल्या, एकाचा पाय मोडला, गावातली चार माणसं मध्ये पडली, खर्च ठरला, तक्रार नाही. असे किती असतील ते मोजताच येत नाही. आता यादी चौकात लागणार म्हटल्यावर कुठला अधिकारी स्वतः होऊन नोंदी वाढवील? जे ठाणं प्रामाणिकपणे नोंद करील तेच वाईट दिसेल. माझा विरोध आहे तो यासाठी.

अपघातविभागातली_सिस्टर

हवालदार काका, मिटवामिटवीत नुकसान जखमीचंच होतं हे लोकांना सांगा. मे 2025 पासून अपघातग्रस्तांसाठी केंद्राची योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता. पण तो रस्ते अपघात आहे याची पोलिसांकडून खात्री व्हावी लागते. नोंदच नको म्हणणारा माणूस तिथंच अडकतो आणि दोन दिवसांनी बायकोचे दागिने गहाण पडतात. विम्याचा दावाही नोंदीवाचून उभा राहत नाही.

आकडेमोड

काकांचा मुद्दा माझ्यापेक्षा वजनदार आहे. मृत्यू लपत नाहीत, किरकोळ जखमी लपतात. त्यामुळे ठाण्याठाण्यांत स्पर्धा लावायची असेल तर मृत्यू आणि रुग्णालयात दाखल झालेले, एवढंच धरा आणि तो आकडा पोलिसांकडून नव्हे, रुग्णालयांकडून घ्या. महिनावार फलकाला माझा विरोध कायम आहे. तीन महिन्यांची यादी असेल, आणि तिच्यावर "वाढ" किंवा "घट" हे शब्द नसतील, तर चालेल.

ऊसकरी_शिरोळ

तीन महिन्यांनी लावली तर आमचा हंगाम संपून जाईल की. डिसेंबरात कुठं माणूस मेला ते मार्चमध्ये कळून काय उपयोग?

शाहूपुरीकर

दादा, म्हणूनच मी महिन्यावर अडून आहे. काकांच्या सांगण्याप्रमाणं आकडा कच्चा असला तरी जागा कच्ची नसते. आजचा जखमी उद्या गेला तर रकाना बदलेल, फाटा बदलणार नाही. तेव्हा बेरीज वर्षाची, जागा महिन्याच्या महिन्याला, आणि ठाण्यांची आपसांत तुलना अजिबात नको.

फलकाची वाट बघत बसायचंही कारण नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्या बैठकांची इतिवृत्तं असतात. माहिती अधिकारात 10 रुपयांत अर्ज होतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी अर्ज लिहायला घेतलाय. मागच्या तीन वर्षांत समितीपुढं कुठल्या जागा आल्या, काय ठरलं, काम झालं की नाही, कुणाकडं अडलं, असे चार रकाने. ज्याला जी जागा माहीत आहे ती नेमकी लिहा, म्हणजे अर्जात तिचं नाव घालून विचारता येईल.

ऊसकरी_शिरोळ

घ्या लिहून. सांगली रोड, हातकणंगल्याच्या अलीकडं, उसाच्या ट्रॉल्या जिथं मुख्य रस्त्यावरनं वळतात ते तोंड. रात्री नवाच्या पुढं. रस्त्याचा दिवा नाही, वळणाची पाटी झाडात गेलेली.

पेठेतला

हेल्मेटबद्दल माझं मत तेच आहे. जागा लिहून घ्या: हायवेवरनं उतरून तावडे हॉटेलकडनं शहरात शिरताना, गांधीनगरकडं जाणारी माणसं चालत ओलांडतात ती बाजू. संध्याकाळी सहा ते नऊ. अर्जावर सही लागत असेल तर माझी घ्या.